पहिल्या बाळंतपणाचा धडा : हेमलकशाचा आणि आपल्या फडाचा



या पानावर आम्ही एरवी बेणे, लागण, खत आणि पाणी यांविषयी लिहितो. या अंकातला विषय निराळा आहे. मात्र तो ऊस विकास विभागाच्या कामाबाहेरचा आहे असे कोणी समजू नये. गाळप हंगामाआधी तोडणी टोळ्यांची यादी आमच्याकडे येते. तीत मुकादमाचे नाव असते, गाव असते, कोयत्यांची संख्या असते, वाहन असते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची एक जोडी, हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. त्यांतल्या कितीतरी जोड्या नव्या लग्नाच्या असतात आणि काहीजणींना नुकतेच दिवस गेलेले असतात. त्याची नोंद मात्र यादीत नसते. या हंगामापासून तसा एक रकाना आम्ही ठेवणार आहोत. तो कशासाठी, आणि तो भरल्यावर शेतमालकाने काय करायचे, हे नीट कळावे म्हणून आज आपण पुष्कळ दूरच्या एका ठिकाणाचा अभ्यास करू. ते ठिकाण म्हणजे हेमलकसा.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी सूनबाई पहिलटकरीण असेल, किंवा लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची असेल. त्यांनाही या धड्याचा उपयोग आहे.

हेमलकसा कुठे आहे

हेमलकसा हे गडचिरोली जिल्ह्याच्या भामरागड तालुक्यात आहे. ऑगस्ट १९८२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला. त्याआधी हा सारा मुलूख चंद्रपुरातच मोडत असे. आलापल्लीहून जंगलातून सुमारे ६०–६५ किलोमीटर आत गेले म्हणजे हेमलकसा येते. तिथून थोड्या अंतरावर भामरागड. इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा या तीन नद्यांचा संगम तिथे आहे. वस्ती मुख्यतः माडिया गोंड लोकांची. पलीकडे छत्तीसगड.

बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी इथे लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला. पुढची जबाबदारी घेतली त्यांचे धाकटे चिरंजीव डॉ. प्रकाश आणि सूनबाई डॉ. मंदाकिनी यांनी. दोघांचे लग्न १९७२ साली झालेले. प्रकाशराव नागपुरास शस्त्रक्रियेचे पुढचे शिक्षण घेत होते, ते त्यांनी सोडले. मंदाताई भूलतज्ज्ञ. शहरात दोघांनाही चांगला जम बसवता आला असता. पण हे तरुण जोडपे संसार घेऊन जंगलात राहायला आले. वीज नाही, पावसाळ्यात रस्ता नाही, लोकांची भाषा येत नाही. राहायला झोपडी आणि दवाखानाही तसलाच. सुरुवातीला लोक जवळ यायला कचरत. आजारी माणूस आधी गावच्या पुजाऱ्याकडे जायचा. दोघांनी माडिया भाषा शिकून घेतली, एकेक रोगी बरा होत गेला, मग लोक खाटेवर आजारी माणूस घालून, खांद्यावर घेऊन, जंगलातून लांबलांबून चालत येऊ लागले. पुढे शाळा झाली. २००८ साली या पती-पत्नींना मिळून मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

हे पुष्कळांना ठाऊक आहे. आमच्या धड्याच्या दृष्टीने त्यातली एक बाब महत्त्वाची आहे. या जोडप्याने आपला संसार रोग्यांच्या शेजारीच मांडला. जे डास माडिया घरात तेच यांच्या घरात, जो पूर त्यांची वाट अडवी तोच यांची. त्यांची मुले माडिया मुलांबरोबर त्याच आश्रमशाळेत शिकली. थोरले चिरंजीव दिगंत डॉक्टर होऊन परत तिथेच आले आणि सूनबाई डॉ. अनघा या स्त्रीरोगतज्ज्ञ आहेत. दवाखान्याची आणखी एक रीत ध्यानात ठेवण्यासारखी आहे. रोग्याबरोबर घरची माणसे येतात आणि आवारातच चूल मांडून राहतात. बाई आली की तिचा नवराही येतो. आजारपण हे एकट्या माणसाचे नसते, हे तिथे कोणाला वेगळे शिकवावे लागत नाही.

तिथल्या जोडप्याचे वर्ष

आता त्या भागातल्या एखाद्या नव्या जोडप्याचे वर्ष कसे जाते ते पाहू. नाव कोणाचेच घेत नाही. कारण हे वर्ष थोड्याफार फरकाने सगळ्यांचेच आहे.

दिवस मोजायचा साधा हिशोब आधी सांगतो. शेवटची पाळी ज्या तारखेला आली, त्या तारखेत ९ महिने आणि ७ दिवस मिळवायचे. ती बाळंतपणाची अंदाजी तारीख. एकूण २८० दिवस भरतात. आपण लागणीच्या तारखेवरून उसाचे वय धरतो, तसेच हे. समजा, शेवटची पाळी १ नोव्हेंबरला आली, तर तारीख निघते ८ ऑगस्ट.

आता ही तारीख तिथल्या कामांवर बसवून पाहा. नोव्हेंबर-डिसेंबरात भाताची कापणी, मळणी असते. पोरीला मळमळतं, खाणं जात नाही, पण काम थांबत नाही. मार्च-एप्रिलात मोहाची फुले पडतात. पहाटे अंधारात उठून दोघे जंगलात जातात, झाडाखालची फुले वेचतात, टोपल्या भरून आणतात, अंगणात वाळत घालतात. तेव्हा पाचवा-सहावा महिना. मे महिन्यात तेंदूपत्ता. हा रोख पैशाचा हंगाम, म्हणून घरातले सगळे राबतात. सकाळी दोघांनी पाने तोडायची, दुपारी सावलीत बसून पुडे बांधायचे, सांजच्याला फळीवर नेऊन द्यायचे. उन्हाचा ताव तर विचारू नका. तेव्हा सातवा महिना लागलेला. जून-जुलैत पाऊस पडतो, भाताची पेरणी, रोवणी. ओणवे राहून चिखलात काम. तेव्हा आठवा-नववा. आणि नेमके दिवस भरतात ते ऑगस्टात, म्हणजे नद्या दुथडी भरून वाहत असताना. भामरागडच्या पुलावरून पर्लकोटेचे पाणी गेले की पलीकडच्या गावांची वाट बंद. आत जंगलात तर नाले-ओढे आहेतच.

शिवाय रोजचे काम आहेच. पाणी आणणे, सरपण आणणे, भात कांडणे, रांधणे. खाण्यात भात, आंबील, जंगलातला भाजीपाला, कधी मासे. जोडप्याचे एक मात्र चांगले असते. दोघे बरोबर कामाला जातात, बरोबर परततात. बायको कुठल्या महिन्यात आहे, तिला काय होतंय, हे नवऱ्याला डोळ्यांनी दिसते. आपल्याकडे पुष्कळ घरांत हे सासूला ठाऊक असते, जावेला ठाऊक असते, नवऱ्याला सगळ्यात शेवटी कळते.

तीन उशीर

बाळंतपणात बाई किंवा बाळ दगावते ते बहुधा तीन प्रकारच्या उशिरांमुळे, असे या विषयातले जाणकार सांगतात. पहिला उशीर घरात ठरवण्याचा : न्यायचे की नाही, आत्ता की सकाळी, कोणाला विचारून. दुसरा उशीर वाटेचा : गाडी, रस्ता, नदी. तिसरा उशीर दवाखान्यात पोचल्यावर इलाज सुरू होण्याचा : डॉक्टर आहे का, रक्त आहे का.

ऊस उत्पादकाला हे चटकन कळेल. तोडलेला ऊस २४ तासांत गव्हाणीत पडला पाहिजे, असे आपण नेहमी सांगतो. उशीर झाला की वजन घटते, साखर उतरते. मग तो उशीर तोडीचा होता, गाडीचा होता की गेटावरच्या रांगेचा, याने उसाला काही फरक पडत नाही. तिथे आपले थोडे नुकसान होते. इथे माणूस जाते.

भामरागडच्या भागात दुसरा उशीर फार मोठा. नदीला पूर आला म्हणजे कोणी काय करणार? म्हणून तिथे निराळी युक्ती केली. आदिवासी भागांतल्या काही प्राथमिक आरोग्य केंद्रांशेजारी सरकारने ‘माहेरघर’ बांधले आहे. तारीख जवळ आली की कळा सुरू होण्याची वाट न बघता बाईने काही दिवस आधीच तिथे येऊन राहायचे. बरोबर घरचे माणूस, लहान मूल असेल तर तेही. नदी अडवणारच आहे हे आधी ठाऊक असेल, तर नदी अडवण्याआधी अलीकडे यायचे, एवढाच त्यातला विचार आहे. नाव ‘माहेरघर’ ठेवले हेही चांगले केले. पहिल्या बाळंतपणाला माहेरी जायचे ही आपली जुनीच रीत आहे.

रक्त, ताप आणि दोघांची तपासणी

अंतराखेरीज तिथे आणखी तीन वैरी आहेत. पहिला रक्त कमी असणे. गरोदर बाईचे हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेले तर रक्त कमी आहे असे धरतात. ७ च्या खाली गेले तर धोका मोठा. बाळंतपणात थोडे रक्त गेले तरी झेपत नाही. दुसरा हिवताप. गडचिरोलीच्या जंगलात तो जुनाच आहे. गरोदरपणी हिवताप झाला तर रक्त आणखी घटते आणि बाळ कमी वजनाचे होते. म्हणून मच्छरदाणी आणि ताप येताच रक्त तपासणे, या दोन गोष्टींना तिथे फार महत्त्व आहे.

तिसरा सिकलसेल. हा आजार रक्तातून वारशाने येतो. विदर्भातल्या अनेक आदिवासी आणि इतर समाजांतही तो आढळतो. नवरा-बायको दोघेही वाहक असतील, तर दर गरोदरपणी बाळाला तो आजार होण्याची शक्यता चारात एक असते. वाहक माणूस दिसायला धडधाकट असतो. तेव्हा एकट्या बाईचे रक्त तपासून अर्धेच उत्तर मिळते. नवऱ्यानेही बाही वर करून सुईसमोर बसले पाहिजे. २०२३ सालापासून देशभर सिकलसेल निर्मूलनाची मोहीम चालू आहे, तीत ही तपासणी होते.

खाण्यासाठी तिथे एक चांगली योजना आहे. २०१५ सालापासून राज्यातल्या आदिवासी भागांत डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना चालते. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आणि बाळंतपणानंतर सहा महिने बाईला अंगणवाडीत दिवसातून एक वेळ पोटभर ताजे जेवण मिळते. भाकरी किंवा पोळी, भात, डाळ, पालेभाजी, वर गूळ-शेंगदाण्याचा लाडू. आपल्या मुलखातला गूळ कुठे कामी येतो ते पाहा.

बाळ आल्यानंतरचे दिवस

याच गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली ‘सर्च’ ही संस्था काढली. बाळे मरतात ती बहुतेक पहिल्या महिन्यात, आणि तीही घरातच, हे त्यांनी मोजून दाखवले. मग ३९ गावांतल्या साध्या, थोडे शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. त्या घरी जाऊन बाळाचे वजन करीत, श्वास मोजीत, अंग गार पडले का ते बघत, जंतुसंसर्ग झाला तर औषध देत. ज्या गावांत हे काम नव्हते त्यांच्याशी ताडून पाहता नवजात बाळांचे मरण ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली हा अभ्यास ‘लॅन्सेट’ या नामांकित नियतकालिकात छापून आला, आणि २०११ पासून देशभर आशा ताईंमार्फत अशीच घरभेटीची योजना सुरू झाली. आज आपल्या वाडीवर आशा ताई बाळ बघायला येते तिचा उगम असा गडचिरोलीत आहे.

तिने सांगितलेले चार नियम पाठ करावेत. बाळाला जन्मल्यावर तासाभरात आईचे दूध पाजायचे. पहिला चीक टाकून द्यायचा नाही. बाळाला लगेच आंघोळ घालायची नाही. कोरडे पुसून, गुंडाळून आईच्या छातीशी ठेवायचे. सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही नाही. मध नाही, गुटी नाही, पाणीही नाही. बाळ दूध ओढेना, मलूल पडले, अंगाला गार किंवा तापलेले लागले, श्वास भरभर चालला, तर रात्र काढायची नाही, दवाखाना गाठायचा.

आपल्या घरी पहिलटकरीण

आता आपल्याकडे वळू. आपल्या वाडीपर्यंत डांबरी सडक आहे, दारात मोटारसायकल आहे, तालुक्याला दवाखाने आहेत. वाटेचा उशीर आपल्याकडे थोडा. मग आपला उशीर कुठला? घरात ठरवण्याचा. ‘पहिलीच खेप आहे, एवढं काय,’ ‘आमच्या वेळी शेतातच व्हायचं,’ ‘सकाळी बघू,’ ही वाक्ये आपण सगळ्यांनी ऐकलेली आहेत. बेणेमळ्यातला ऊस आपण वेगळा राखतो, त्याला खताचा हप्ता चुकवत नाही. घरातल्या पहिलटकरणीला मात्र सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं ताटात पडतं. हे पटण्यासारखे नाही.

तेव्हा घरातल्या कर्त्या माणसांनी, आणि विशेषतः होणाऱ्या बापाने, पुढील गोष्टी कराव्यात.

१) पाळी चुकल्यावर पहिल्या तीन महिन्यांतच, म्हणजे १२ आठवड्यांच्या आत, आरोग्य केंद्रात नाव नोंदवावे व माता-बाल संरक्षण कार्ड घ्यावे. बाळंतपणापर्यंत निदान चार तपासण्या झाल्याच पाहिजेत. डॉक्टरांनी जास्त सांगितल्या तर जास्त. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर स्त्रियांची खास तपासणी असते. ती तारीख ध्यानात ठेवावी.

२) चौथ्या महिन्यापासून लोहाची गोळी रोज एक, निदान १८० दिवस. चहाबरोबर घेऊ नये, अंगी लागत नाही. गोळीने शौचास काळे होते, त्याला घाबरून गोळी बंद करू नये. धनुर्वाताच्या लसीचे डोस चुकवू नयेत. रक्तदाब, वजन, हिमोग्लोबिन, लघवी दर वेळी तपासून कार्डावर लिहून घ्यावे.

३) खाणे दोन वेळांऐवजी चार वेळा थोडे थोडे. डाळ, उसळ, पालेभाजी, दूध, खात असतील तर अंडी. दुपारी दोन तास आडवे पडू द्यावे. तेवढा वेळ घागर भरायला होणाऱ्या बापाने जावे, त्यात कमीपणा नाही.

४) शेतातील औषधांपासून तिला दूर ठेवावे. तणनाशकाचा पंप, बेणेप्रक्रियेचे द्रावण, फवारणीचे कपडे धुणे, यांतले काही तिच्याकडे नको. पाचट पेटवू नये हे आम्ही जमिनीसाठी सांगतोच. तिच्या छातीसाठीही सांगतो.

५) कुठल्या दवाखान्यात न्यायचे, गाडी कोणाची, रक्त लागले तर कोण देणार, हातात किती पैसे, हे आठव्या महिन्यातच ठरवून ठेवावे. १०२ आणि १०८ हे रुग्णवाहिकेचे आकडे भिंतीवर लिहावेत. लेक माहेरी येणार असेल तर कार्ड बरोबर आणावे आणि माहेरच्या आशा ताईकडे आल्या आल्या नोंद करावी. सासरी चार तपासण्या झाल्या आणि माहेरच्या डॉक्टरला त्यांतले काहीच माहीत नाही, असे होऊ नये.

६) रक्त किंवा पाणी जाणे, डोके फार दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडावर-हातांवर सूज, झटका, ताप, बाळाची हालचाल मंदावणे, यांतले एकही दिसले तर घरात पंचायत बसवू नये. आधी गाडी काढावी, मग थोरल्यांना सांगावे.

पहिल्या बाळासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून आईच्या खात्यावर ५,००० रुपये मिळतात. आशा किंवा अंगणवाडी ताईंकडे अर्ज करता येतो. तो पैसा तिच्याच खाण्याला लावावा. खताच्या उधारीला वळवू नये.

आणि आपल्या फडावर?

आता मूळ मुद्दा. वर आम्ही माडिया जोडप्याचे वर्ष सांगितले. पहाटे अंधारात दोघांनी निघायचे, जोडीने राबायचे, आठव्या महिन्यातही ओणवे राहायचे, मुक्काम गावापासून दूर. हे वर्णन आपल्या उसाच्या फडाला लागू पडत नाही काय?

समजा, कोयत्यातल्या एखाद्या पोरीची शेवटची पाळी १५ जूनला आली. हिशोब करा : तारीख निघते २२ मार्च. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळी निघते तेव्हा चौथा महिना सरत असतो, पोट फारसे दिसतही नाही. गावाकडे नोंद झालेली असली तर कार्ड पेटीत राहते. इकडे आल्यावर कोपी उभी राहते, पहाटे चारला तोड सुरू. वाकून तोडायचे, मोळी बांधायची, ती डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचे. गाडी रात्री आली तर रात्री भरायचे. मग परत येऊन चूल. सातवा, आठवा, नववा महिना असाच जातो आणि हंगामाच्या ऐन शेवटाला कळा सुरू होतात, तेव्हा जवळ ना आई ना सासू. आपल्या गावच्या आशा ताईला ही बाई इथे आहे हेच ठाऊक नसते. दवाखाना चार किलोमीटरवर असतो, तरी तिला तो हेमलकशापेक्षा दूर असतो.

ती बसत का नाही? कारण उचल दोघांच्या नावावर आहे. दोघांतला एक बसला की कोयत्याचा खाडा पडतो आणि उचल फिटायची ती वाढते. तिच्या नवऱ्याला तिचे हाल दिसत नाहीत असे नाही. त्याला ते आपल्यापेक्षा जास्त दिसतात. तो तिच्या शेजारीच तोडत असतो. पण हिशोब त्याच्या हातात नाही.

याच खाड्याच्या धास्तीने काय घडले तेही सभासदांना माहीत असावे. बीड जिल्ह्यात ऊसतोड स्त्रियांची गर्भाशये मोठ्या प्रमाणात काढली जातात, असा बोभाटा झाल्यावर राज्य सरकारने २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळी नको, दुखणे नको, सुट्टी नको, खाडा नको. याच हिशोबाने आणखी एक गोष्ट होते : कोयता पुरा व्हावा म्हणून पोरीचे लग्न अठराच्या आत उरकतात. तिचे अंग अजून भरलेले नसते आणि पोटात बाळ वाढत असते. असे बाळंतपण आई आणि बाळ दोघांनाही जड जाते. अठराच्या आतले लग्न हा २००६ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे मुकादमांच्याही कानांवर घातले पाहिजे.

आपल्या उसाचा प्रत्येक टन अशा जोडीच्या हातांतून गव्हाणीपर्यंत येतो. म्हणून हा विषय आपला आहे.

या हंगामापासून

टोळी उतरल्यावर आमचे चिटबॉय कोयत्यांची नोंद घेतील, तेव्हा कोणी गरोदर आहे का, कितवा महिना, कार्ड बरोबर आहे का, हेही मुकादमाच्या आणि बायांच्या संमतीने विचारतील. ती माहिती गावच्या आशा ताई व अंगणवाडी ताईंना देण्यात येईल. ही माहिती कोणाला कामावरून काढण्यासाठी नाही, हे सर्वांनी स्पष्ट समजून घ्यावे. तसे कोठे घडत असल्यास विभागाकडे कळवावे. खाडा आणि उचल यांविषयी मुकादमांशी बोलणी आमचा विभाग करील.

ज्याच्या शेतात तोड चालू आहे त्या सभासदाने चार गोष्टी कराव्यात.

पहिली : पिण्याचे चांगले पाणी आणि आडोसा. विहिरीवरची मोटर चालू आहेच. एक पिंप भरून फडाच्या कडेला ठेवायला खर्च येत नाही. शौचाला अंधाराची वाट बघत बाई पाणी कमी पिते, त्याने लघवीचे दुखणे होते आणि गरोदरपणी ते धोक्याचे असते.

दुसरी : गरोदर बाईने मोळी डोक्यावर घेऊन फळी चढायची नाही. भराईला आपल्या घरचा किंवा वाटेकऱ्याचा एक गडी द्यावा. त्याने गाडी अर्धा तास उशिरा भरली तर चालेल. ‘आमचा ऊस वाळतोय’ म्हणून तिला घाई करू नये.

तिसरी : तपासणीच्या दिवशी तिला व तिच्या नवऱ्याला दोघांनाही जाऊ द्यावे. शक्य तर आपल्या गाडीवरून पोचवावे. परक्या गावात दवाखान्याचे दार कुठल्या बाजूला आहे, इथपासून त्यांना अडचण असते.

चौथी : रात्री-बेरात्री कोपीवरून हाक आली तर उठावे. आपला फोन आणि आपली गाडी त्या रात्री त्यांची आहे असे समजावे. घरातल्या बाईमाणसाने बरोबर जावे. पहिलटकरणीला तेवढा आधार फार मोठा वाटतो.

भामरागडच्या बाईपुढे भरलेली नदी असते, म्हणून तिच्यासाठी नदीअलीकडे माहेरघर बांधावे लागले. आपल्या फडावरच्या बाईपुढे नदी नाही. तिच्यासाठी इमारतही बांधायची नाही. फड ज्याचा, त्याच्या घराचे दार रात्री उघडावे लागेल, इतकेच.

स्वाध्याय

१) आपल्या घरात किंवा भावकीत सध्या कोणी गरोदर असल्यास तिची अंदाजी तारीख वरील हिशोबाने काढा व भिंतीवरच्या कालनिर्णयावर खूण करा.

२) त्या आठवड्यात आपल्या शेतात कोणते काम येते आणि घरात गाडी कोण चालवणार, हे आजच ठरवा.

३) आपल्या गावच्या आशा ताईंचे नाव व फोन तोडणी सुरू होण्याआधी आमच्या चिटबॉयकडे द्या. ज्या सभासदांचा ऊस पहिल्या पंधरवड्यात तुटणार आहे, त्यांनी हे काम मोळीपूजनाआधी करावे, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी